सुविचाराचा बाप

परंपरेचे कट्टर अभिमानी सासरे आणि सुधारणावादी जावई यांचं फॅमिली ग्रुपवर रोज वाजायचं. एकदा मुद्दे संपले, तेव्हा सासऱ्यांनी दाढी करता करता स्वतःच एक वाक्य रचलं, "खिडक्या उघड्या ठेवा, पण दार बघूनच उघडा," आणि खाली आपल्या लाडक्या दिवंगत नेत्याचं नाव ठोकून दिलं. जावईबापूंनी थेट हात जोडल्याचा इमोजी टाकला!

आठवड्याभरात तेच वाक्य गावभर फिरून ग्रुपवर परतलं. खाली नाव मात्र जावयाच्या नेत्याचं! सासऱ्यांचं पित्त खवळलं. "शुद्ध मूर्खपणा! उघड्या खिडकीतून डास येतात!" त्यांनी लिहिलं.

"अहो, हे तर तुम्हीच रचलंत ना?" सासूबाईंनी विचारलं.



खिडकी धाडकन लावून घेत सासरे गरजले, "मी रचलं तेव्हा बरोबर होतं!"