मधेच उभी राहणारी मुलगी

मगदूमबाईंना आठवडाभर एकच कोडं छळत होतं. अकरावीत नव्याने आलेली ती पोर गणित सगळ्यांच्या आधी सोडवायची, पण दर तासाला मधेच दचकून उभी राहायची आणि ओशाळून खाली बसायची.

आज तिच्या केसांआडचे इअरफोन दिसले. "वर्गात गाणी? बघू, कसली ऐकतेस ती," म्हणत बाईंनी त्यातला एक काढून आपल्या कानाला लावला. गाणं नव्हतंच. नुसतं खटाक-खटाक चाललं होतं.

"आमचा यंत्रमाग, बाई," ती चाचरत म्हणाली. "लहानपणापासून त्याच्या शेजारी बसूनच अभ्यास केलाय. शांततेत डोकंच चालत नाही माझं. आवाज थांबला की सूत तुटलं समजायचं आणि पळत जाऊन जोडायचं."

"रोज घरून रेकॉर्ड करून आणतेस?"

"नाही. दिवाळीत माग भंगारात गेला. आदल्या दिवशी बाबांनी चालवला, तेव्हाचा आहे."

बाईंनी इअरफोन काढला नाही. दोघी एकेका कानाने ऐकत राहिल्या. अचानक खटखट थांबली, आणि पोर दचकून उभी राहिली.

"बस खाली," म्हणत बाईंनीच मोबाईलवरचं बटण पुन्हा दाबलं. "जोडलं बघ सूत."