तिसऱ्या खांबाचा आकडा

सकाळी तिसरा खांब खचून बस नदीत गेली, तेव्हाही पुलावरचा इशाऱ्याचा दिवा हिरवाच होता. बसमध्ये होडीतून खांबांपाशी खोली मोजणाऱ्या तारूकाकांची सून होती. दुपारी इंजिनिअर शलाका त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. काका खोली मोजायची दोरी गुंडाळत होते.

“काका, खांबाखालची वाळू कधी वाहून जाईल, हे दिव्याचं यंत्र तुमच्या तीस वर्षांच्या नोंदींवरूनच शिकलंय. मग चुकलं कसं?”

“तिसऱ्यापाशी भोवरा असतो. तिथं होडी नेतच नव्हतो. दुसऱ्याचाच आकडा तिसऱ्याला लिहायचो.”

जिल्ह्यातल्या इतर पुलांवरचे आणखी सत्तावीस दिवे त्याच नोंदींवर शिकलेल्या यंत्रावर चालत होते. शलाका फोनवर एकेक दिवा लाल करू लागली.

काकांनी दोरीला गाठ मारली.

“आता मोजून येऊ का?”