नमुना 'अ' निळाच राहतो

मयुराच्या परीक्षानळीतला निळा रंग आधी हिरवा झाला, मग पिवळा, मग विटेसारखा लाल. म्हणजे नमुना 'अ'च्या लघवीत साखर होती, आणि तीही भरपूर. तिने जर्नलमध्ये तसे लिहिले. पेनाने.

नागपूरच्या त्या कॉलेजात बारावीच्या बाकी एकोणतीस जणांचे निरीक्षण घरूनच लिहून आले होते, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून. नळ्या त्यांच्याही लाल झाल्या. पण निरीक्षण आधीच झालेले असल्यामुळे नळीकडे पाहायची कोणाला गरज पडली नाही.

निखाडे सर तासाभरात तिसऱ्यांदा बाहेर जाऊन आले. घटाघटा पाणी प्यायले, सैल झालेली पँट वर ओढली आणि सह्या करायला बसले. आज जर्नलवर सही मिळाली नाही, तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येणार नव्हते.

"हे काय लिहिलं वं? 'अ' म्हणजे नॉर्मल. निळाच राहते तो. लाल होते तो 'ब'."

"सर, तीनदा करून पाहिलं. लालच येऊन राहिलं."

"देवाजी, बाटल्यांची अदलाबदल केली का गा?"

"नाही जी," नळ्या धूत प्रयोगशाळेचा शिपाई देवाजी म्हणाला. "'ब'मधी ग्लुकोज म्याच टाकलं. 'अ'ले हात नाही लावला."

"पाहा. म्हणजे तूच तीनदा चुकली. वीस वर्षं झाली, 'अ' निळा आहे. तुझ्यासाठी बदलन का तो?"

"पण सर, जे दिसलं तेच रिपोर्टमधी लिहा, असं तुम्हीच पहिल्या दिवशी..."

"ते पहिल्या दिवसाचं होतं. आज सह्या आहेत."

मयुराने नवे पान घेतले. 'रंग निळाच राहिला. साखर नाही.' अक्षर फार सुंदर आले. सरांनी खाली सही केली, शिक्का मारला आणि शेरा दिला: अचूक निरीक्षण.

जर्नल हातात आले, तरी ती जागची हलली नाही.

"सर, माझं तर झालं. पण 'अ' ज्याचा आहे, त्याले एकदा डॉक्टरकडे जायले तरी सांगा."

सर मनापासून हसले.

"त्याले काय धाड भरली? 'अ' तर दरवर्षी मीच देतो. नॉर्मल माणूस पाहिजे ना!"