चांदीचं झबलं

"बाळ पहिलं झबलं घालील तर ह्याच कापडाचं," म्हणत अमृतरावांनी लातूरहून आणलेलं पांढरं कापड पत्नी नीलाबाईंपुढं टाकलं. "नॅनो चांदी हाय ह्यात. जंतू मरतेत, वास येत न्हाई."

रेणापूरच्या घरात पहिला नातू आला होता. आजोबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण बाळाची आत्या, स्वप्नाली, नांदेडच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच तपासायची.

"आप्पा, ते कण लई बारीक असतात. जंतू मारतात तशा कधी आपल्या पेशीही मारतात. कोवळी कातडी ती."

"मग तपास की. नापास झालं तर पुन्हा नाव काढणार न्हाई."

शिवणटिपण नीलाबाईंकडं. त्यांनी मुकाट्यानं एक तुकडा कापून लेकीच्या पिशवीत घातला.

अमृतरावांचा जीव टांगणीला लागला. आपल्या किराणा दुकानात कुणी साखर मागितली की मीठ द्यायचे. घरी आले की नुसती चिडचिड.

"माझं जुनं धोतर कुठं गेलं? सायीसारखं मऊ होतं."

"असंल कुठंतरी," म्हणत नीलाबाई फरशी पुसत राहायच्या.

बारशाच्या आदल्या दिवशी स्वप्नाली आली ती हसतच.

"आप्पा, जिंकलात. कापड भिजवलेलं पाणी माणसाच्या पेशींना घातलं, तर पेशी मजेत वाढल्या. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा करून पाहिलं."

अमृतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, विरूपाक्ष. आजोबांनी नातवाला उचलून पाहुण्यांत मिरवलं. "प्रयोगशाळेनं पास केलेलं झबलं हाय हे," ज्याला त्याला सांगत सुटले.

बाळानं हात वर केला. काखेखाली, शिवणीशी, तीन निळे ठिपके दिसले. परीट अमृतरावांच्याच कपड्यांवर टाकायचा ती खूण.

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. झबलं सारखं करायच्या निमित्तानं नीलाबाई जवळ आल्या.

"तान्ह्याचं पहिलं झबलं जुन्या धोतराचंच असतंय, विसरलात व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरीला तुकडाबी त्यातलाच दिला होता. आन् तुमच्या चांदीच्या कापडानं मी फरशी पुसतेय. खरंच हो, वास येईना."