दोघांच्या स्प्रिंगा

इंजिन तर घड्याळासारखं चालत होतं, पण मुकुंदरावांची जुनी बुलेट अलीकडे प्रत्येक स्पीडब्रेकरवर करडासारखी उडायची. नामपल्लीच्या वाजिदमिस्त्रींनी मागची सीट दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि ते हसले. “कुच नै बिगड्या साब. स्प्रिंगां दो जनों के हिसाब से कसेले हैं. अब अकेले चलारे क्या?” बायको वारल्याचं मुकुंदरावांनी गॅरेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते नुसतंच “हौ” म्हणाले. मिस्त्रींनी पान्याने स्प्रिंगा सैल केल्या. परतताना गाडी खरोखरच लोण्यासारखी मऊ चालली. नारायणगुड्याचा स्पीडब्रेकर दिसताच ते सवयीने मान वळवून म्हणाले, “घट्ट धर गं.” धक्का बसलाच नाही. ते तिथूनच गॅरेजात परतले. “फिर कस दो मियाँ.” “क्यूं साब, पीछे बैठनेवाले आरे क्या?” “हौ,” मुकुंदराव म्हणाले आणि रुमालाने मागची सीट पुसू लागले.