न घेतलेला पगार

ज्युरीवर बसताना स्वतःची ओळख विसरायची आणि घरी परतताना खटला विसरायचा, असा आता कायदाच होता. कोर्ट डोक्यातल्या आठवणींना तसं कुलूप घालत असे. त्यामुळे नूतन सुर्वे रत्नागिरीच्या मासळी कारखान्यात कामावर परतली, तेव्हा तिला खटल्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"आठवत नाही, मग पगार कसला मागतेस?" पेडणेकरशेठने तिचे ज्युरीचे सगळे दिवस कापले.

नूतन कोर्टात दाद मागायला गेली. मालकाने त्या दिवसांचा पगार नाकारला की ज्युरीची सेवाच रद्द धरली जाई आणि कुलूप निघे. तिचं कुलूप निघालं, आणि तिला सगळं आठवलं.

पडद्याआडून तिने जो खटला ऐकला होता, तो पेडणेकरशेठचाच होता. वीज वाचवायला त्याने शीतगृहातले हवा बाहेर फेकणारे पंखे बंद ठेवले होते आणि गळलेल्या अमोनिया वायूने कारखान्यातला कामगार सदा भोजे आत गुदमरून मेला होता. शेठ मात्र गुपचूप दंड भरून, सदा गावी गेला, असं सांगत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नूतनने सगळ्या बायकांना गोळा केलं आणि बोलायला सुरुवात केली. शेठ नोटा घेऊन धावत आला.

"घे बाई, दुप्पट घे!"

त्याने पुढे केलेल्या नोटा बघून तिच्या जिवाला गार वाटलं.

"नको शेठ. पगार घेतला की पुन्हा कुलूप लागेल."

आणि तिने आवाज चढवून पुढचं सांगायला घेतलं.