सिरियस

तार आली तेव्हा जालिंदर आखातात, अल मुंतझातल्या बांधकामाच्या साइटवर क्रेन चालवत होता. ऑफिसातल्या शशिकांतने त्याला खाली बोलावलं आणि वाचून दाखवलं, "तानूबाई सिरियस, स्टार्ट इमिजिएटली."

बायको वारली असं तारेत कोणी लिहीत नाही. सिरियसच लिहितात. तार सहा दिवसांपूर्वीची होती.

अग्नी कोणीतरी दिला असेल. पण मूलबाळ नव्हतं. दहाव्याला तरी तो तिथे हवा होता. मुंबईचं विमान संध्याकाळी होतं, त्यानंतरची सीट आठवड्याने. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात होता आणि सुटीच्या कागदावर साहेबाची सही लागत होती.

ग्रेडीसाहेब सत्तरीचा अमेरिकन. आखातात बरीच वर्षं काढल्यामुळे मोडकी हिंदी बोलायचा. त्याच्या खुर्चीमागे त्याचा तरुणपणीचा फोटो होता. डोक्यावर चामड्याची टोपी, काखेत लांबट चेंडू.

त्याने तार वाचली. "सिरियस म्हणजे जिवंत आहे. डॉक्टर बघेल. दुसरा क्रेनवाला नाही माझ्याकडे. महिनाअखेर जा."

"साहेब, ती गेली."

"गेली? कुठे गेली?"

जालिंदर सोबत आलेल्या शशिकांतकडे वळला. त्याने इंग्रजीत सांगितलं.

साहेबाने अंगठ्याने मागचा फोटो दाखवला.

"हे आमचं फुटबॉल. अकरा वर्षं पगारावर खेळलो. नाक मोडलं, बोटं मोडली, मैदान सोडलं नाही. एकोणीसशे सव्वीस साली तार आली, आई आजारी. बदली माणूस नव्हता. मी खेळलो. जिंकलो. पुढच्या रविवारी परत खेळलो. पुरुषाने काम सोडायचं नसतं. समजलं?"

"मग घरी कधी गेलात, साहेब?"

जालिंदरने टोचायला विचारलं नव्हतं. उशिरा गेलं तर चालतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

साहेबाने कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"सीझन संपल्यावर. डिसेंबरात. भावाने दार उघडलं नाही." तो कागदाकडेच बघत होता. "आईच्या थडग्यावर नावाचा दगड बसवायचा होता. म्हटलं, पुढच्या वर्षी. मग पुढचा सीझन आला. मग त्याच्या पुढचा."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. शशिकांतने जालिंदरचा दंड दाबला, थांब म्हणून.

"साहेब," जालिंदर म्हणाला, "सही राहिलीय."